मज्जारज्जूची दुसरी जखम

ऊसतोडीच्या हंगामात पुणे जिल्ह्यातल्या शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यातल्या चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री दुचाकीवरून कुणी फेकला गेला, तर लोक धावत येतात. काखेत आणि पायांना धरून उचलतात आणि मिळेल त्या गाडीत घालतात. माया खरी असते. पण मणका मोडला असेल, तर अशा उचलण्यानं मज्जारज्जू आणखी दुखावतो. १०८ ला फोन करावा आणि मान-पाठ एका रेषेत स्थिर ठेवावी. जागीच धोका असेल आणि हलवावंच लागलं, तर सपाट फळीवर घ्यावं.

हे इतकं आग्रहानं सांगायचं, कारण आघाताच्या क्षणी जे तुटतं तेवढंच नुकसान नसतं. १९११ साली अमेरिकेत आल्फ्रेड ॲलन यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजा झालेल्या जागी साचलेलं रक्त वेळीच काढलं तर नुकसान कमी होतं. म्हणजे आघात संपल्यावरही काहीतरी घातक चालूच असतं. हीच दुसरी जखम.

ते काय, हे आता बरंच कळलं आहे. फुटलेल्या चेतापेशींतून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन बाहेर सांडतं. त्यानं शेजारच्या धडधाकट पेशी प्रमाणाबाहेर उत्तेजित होतात, त्यांच्यात कॅल्शियम शिरतं आणि त्याही मरतात. ऑलिगोडेंड्रोसाइट या सहायक पेशी यात फार लवकर बळी पडतात. अशी एकेक पेशी अनेक चेतातंतूंना मायलिनचं आवरण पुरवते. ती गेली, की न तुटलेले तंतूही संदेश नीट वाहून नेऊ शकत नाहीत. मायक्रोग्लिया या तिथल्या संरक्षक पेशी काही मिनिटांत जागृत होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात. त्या मृत भाग साफ करतात आणि दाह वाढवतातही. पुढच्या एक-दोन आठवड्यांत तारकापेशी (ॲस्ट्रोसाइट) जखमेभोवती दाट व्रण विणतात.

या व्रणालाच अनेक दशकं दोषी धरलं गेलं. चेतातंतूंत वाढायची ताकद उरते, हे १९८१ साली माँट्रियलमध्ये सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी सिद्ध केलं होतं: उंदरांच्या मज्जारज्जूला हातापायांतल्यासारख्या परिघीय नसेचा तुकडा जोडल्यावर तंतू त्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. अडतं ते परिसरामुळे, असं त्यातून दिसलं. मग अडवणारा व्रणच, हा तर्क सोपा होता. २०१६ मध्ये मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटानं उंदरांत व्रण रोखून पाहिला. तंतू वाढले नाहीत. उलट वाढीचे घटक पुरवल्यावर ते व्रणातूनच पुढे गेले.

त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये झेब्राफिशवरचा शोधनिबंध आला. हा आपल्याकडच्या नद्यांतला बोटभर मासा. मज्जारज्जू पूर्ण कापला तरी काही आठवड्यांत पुन्हा पोहतो. तिथं सहायक पेशी आधी जखमेवर पूल बांधतात, आणि त्यासाठी सीटीजीएफ हे प्रथिन लागतं. माणसाचं तेच प्रथिन माशाला दिलं, तर पूल लवकर होतो. या निबंधाचे एक लेखक चिन्मय पात्रा पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आले. तिथं त्यांच्या गटानं हेच प्रथिन माशांच्या मणक्यांमधली चकती कशी सांभाळतं, हे शोधलं. शिरूर-दौंडच्या इतक्या जवळ हे काम चालतं, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

माणसासाठी यातून सिद्ध झालेला उपचार अजून तयार नाही. तरीही स्टेम सेलच्या इंजेक्शनसाठी कुटुंबं जमीन विकायला निघतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेवर असा प्रयोग फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तो पैसा चाकाची खुर्ची, हवेची गादी आणि फिजिओथेरपीवर लागावा. दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची नळी स्वच्छ ठेवणं हे घरच्यांना शिकवणारं माणूस शिरूरच्या आणि दौंडच्या सरकारी दवाखान्यात हवं.