पाठीच्या कण्यातली दोरी : पडलेल्या माणसाला उचलण्याआधी

मोर्शी-वरुडकडे संत्र्याची तोडणी असो, अकोट-तेल्हाऱ्याकडे कापसाची गाडी भरणे असो, की गावातल्या विहिरीचा गाळ काढणे असो. उंच चढण्याचे आणि खोल उतरण्याचे काम बहुधा आपल्याच वस्तीतल्या माणसाच्या वाट्याला येते. कधी पाय निसटतो. आसपासचे धावतात. एक जण काखेत हात घालून पडलेल्याला बसवतो, दुसरा पाणी पाजतो, तिसरा म्हणतो, "उठ, चालून पाह्य, काही नाही झालं." मग दोघे हात आणि दोघे पाय धरून त्याला ऑटोत घालतात.

सगळे मायेपोटीच असते. पण मणका मोडला तरी त्याच्या आतली दोरी त्या घडीला शाबूत असू शकते, आणि या उचलाउचलीत ती कायमची चिरडू शकते. म्हणून या वेळी आम्ही त्या दोरीची ओळख करून देत आहोत.

कण्याच्या आत काय आहे?

पाठीच्या कण्यात 33 मणके धरले जातात. मानेचे 7, छातीमागचे 12, कमरेचे 5, त्याखाली एकमेकांना जुळलेले 5 आणि माकडहाडाचे साधारण 4. मणक्यांच्या मागच्या कड्या एकावर एक येऊन एक नळी तयार होते. मेंदूपासून निघालेली मज्जारज्जू या नळीतून खाली येते. ती करंगळीएवढी जाड, सुमारे 45 सेंटिमीटर लांब आणि वजनाला जेमतेम 35 ग्रॅम असते. तिच्यावर तीन आवरणे असतात आणि भोवती पाण्यासारखा द्रव असतो.

नावामुळे एक घोटाळा होतो. हाडाच्या पोकळीत रक्त तयार करणारी अस्थिमज्जा वेगळी आणि ही मज्जारज्जू वेगळी. दुसरा घोटाळा 'नस' या शब्दाचा. रक्तवाहिनीलाही आपण नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू, निरोप नेणारी तार.

अशा नसांच्या 31 जोड्या मज्जारज्जूतून निघतात. प्रत्येक नसेला दोन मुळे असतात. मागच्या मुळातून स्पर्श, वेदना, ऊन-गार यांची खबर आत जाते. पुढच्या मुळातून स्नायूंना हालण्याचा हुकूम बाहेर जातो. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसेवर श्वासाचा पडदा चालतो. मानेच्या खालच्या नसांवर हात, कमरेच्या आणि त्याखालच्या नसांवर पाय चालतात. अगदी खालच्या नसांच्या हाती लघवी आणि शौचावरचा ताबा असतो. म्हणून मार किती उंचीवर बसला त्यावर पुढचे आयुष्य ठरते. कमरेपाशी मार बसला तर पाय जातात. मानेत वर बसला तर हात-पाय दोन्ही जातात आणि श्वासही थांबू शकतो.

रक्ताचा पाट

या दोरीला रक्त कसे मिळते हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिच्या पुढच्या बाजूने एकच धमनी उतरते आणि दोरीच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाला पोसते. मागच्या बाजूने दोन बारीक धमन्या उतरतात, त्या उरलेल्या एक-तृतीयांश भागाला रक्त देतात. तिन्हींची सुरुवात मानेकडून होते. पण लांब पाटाचे पाणी जसे शेवटच्या वावरापर्यंत पुरत नाही, तसेच हे रक्त खालपर्यंत पुरत नाही. वाटेत महाधमनीकडून आलेल्या लहान शाखा त्यात भर घालतात. त्यांतली सर्वांत मोठी शाखा बहुधा डाव्या बाजूने, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या दरम्यान आत शिरते. ॲडमकिविझ या संशोधकाने 19व्या शतकात तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. छातीच्या मधल्या भागात मात्र अशी भर कमी पडते. तिथली दोरी रक्ताच्या बाबतीत कोरडवाहूच म्हणायची.

यातून दोन गोष्टी कळतात. पडलेल्या माणसाचे रक्त फार गेले, रक्तदाब कोसळला, तर आधीच दुखावलेल्या दोरीची उपासमार होते. म्हणून वाहते रक्त कापडाने दाबून थांबवायचे. दुसरी गोष्ट, मार बसल्यावर दोरी सुजते. हाडाच्या नळीत सूज पसरायला जागा नसते, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि पुढच्या काही तासांत नुकसान वाढत जाते. म्हणून उचलायची घाई करू नये, पण दवाखान्याला उशीरही करू नये.

सुईची भीती

अमरावतीचे डफरीन असो की अकोल्याचे लेडी हार्डिंग, बाळंतपणाला गेलेल्या लेकीला पाठीत सुई द्यायची म्हटली की घरच्या बाया घाबरतात. "पाठीत सुई घेतली की जन्माची पाठ जाते," असे ऐकलेले असते. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. आपणही तपासून पाहू.

मोठ्या माणसाची मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपते. त्याखाली फक्त नसांचा झुबका लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. सुई त्याहून खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून देतात. तिथे दोरी नसतेच. नसा द्रवात तरंगत असतात, त्या सहसा बाजूला सरकतात. काहींचे काही दिवस डोके दुखते, सुईची जागा ठणकते. तसे झाले तर डॉक्टरांना सांगावे. पण भीतीपोटी सिझेरियनला नकार देऊन आई आणि बाळाचा जीव धोक्यात घालू नये.

गॅप, उसण आणि पाठीचा क्षय

'मणक्यात गॅप पडली' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा दोन मणक्यांमधली गादी झिजलेली किंवा सरकलेली असते आणि नसेचे मूळ दाबले गेलेले असते. कळ पायात उतरते. असे बरेच दुखणे शस्त्रक्रियेशिवाय बरे होते. पण उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ खाणे किंवा पाठ तुडवून घेणे आता बंद करा. आत मणका क्षयाने पोखरलेला असेल तर तेवढ्या धक्क्यानेही दोरी दबू शकते. बरी न होणारी पाठदुखी, संध्याकाळचा ताप, घटते वजन, पाठीवर आलेला उंचवटा, पायांतली घटती ताकद ही पाठीच्या क्षयाची लक्षणे आहेत. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधे मोफत मिळतात. ती पूर्ण मुदत घ्यावी लागतात.

पायाची प्रत्येक आग कण्यातूनच येते असेही नाही. मधुमेहात कण्याबाहेरच्या लांब नसा खराब होतात. बाबासाहेबांना मधुमेह होता, आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना फार छळले. त्या वेदनेतही त्यांनी काम सोडले नाही. आपण निदान साखर तपासून घ्यावी.

उचलायचे कसे?

महावग्गात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. भगवान बुद्ध आणि आनंद यांनी त्याला धुतले. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायाकडून धरून त्याला मंचकावर ठेवले. सेवेचा तो धडा आपल्याला ठाऊक आहे. कण्याला मार लागलेल्यासाठी मात्र दोघे पुरत नाहीत. अशा वेळी हे करा :

• पडलेल्याला बसवू नका, उभे करू नका, पाणी पाजू नका. आग, पाणी किंवा वाहनांचा धोका असेल तरच हलवा.

• 108 ला फोन करा. एकाने दोन्ही हातांनी डोके धरून मान न वळवता स्थिर ठेवावी.

• हात-पाय हलतात का, स्पर्श कळतो का, हे विचारा. हालवून पाहू नका.

• उलटी झाली किंवा हलवावेच लागले, तर चार-पाच जणांनी मिळून, डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर, डोके, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून लाकडी ओंडक्यासारखे एकदम वळवा. रुग्णवाहिका येणारच नसेल तर दार किंवा रुंद फळीवर घ्या. झोळी करू नका.

• पाठदुखीसोबत लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी अमरावतीला इर्विन किंवा अकोल्याला सर्वोपचार गाठा.

ज्यांचे पाय आधीच गेले आहेत त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्या, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र काढून द्या. तो त्यांचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नव्हे.

आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एका तरुणाला सतरंजीवर झोपवा आणि पाच जणांनी त्याला एका रेषेत वळवून, उचलून पाहा. दहा मिनिटे लागतील. तोडणीच्या दिवसांत कोणी झाडावरून पडला, तर तेव्हा हा लेख शोधायला वेळ मिळणार नाही. हातांना सवय असलेली बरी.

जय भीम!