जेऊरच्या ग्रहणातली हिरवी रेषा, आणि ४० वर्षं न सुटलेलं कोडं!

नातेपुते, माळशिरस, करमाळा म्हटलं की ऊस आठवतो, दुष्काळ आठवतो. पण याच सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर गावाचं नाव एकेकाळी जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना माहीत होतं. निमित्त होतं २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण.

अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन जेऊरला आले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नायगमवाला यांचाही मुक्काम तिथेच होता. हाताशी वेळ होता फक्त दोन मिनिटं!

दोन मिनिटांत काय टिपायचं होतं?

गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका, ज्योत पिवळी होते. हा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगाच्याच रेषा देतं. प्रकाश फोडून या रेषा मोजणं म्हणजे वर्णपटमापन.

ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभामंडलात १८६९ मध्ये एक हिरवी रेषा सापडली होती. तिची तरंगलांबी ५३१७ अँगस्ट्रॉम धरली गेली. १८९८ च्या ग्रहणातल्या मोजमापांनी ही चूक उघड केली. खरा आकडा होता सुमारे ५३०३. फरक पाव टक्क्याचा, पण ही रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. त्यामुळे सूर्यावर ‘कोरोनियम’ नावाचं नवं मूलद्रव्य असावं, असा समज पक्का झाला.

मग कोडं सुटलं कसं?

क्वांटम भौतिकीमुळे. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी सांगितलं, की अणूतला इलेक्ट्रॉन जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहतो. वरच्या पायरीवरून खाली आला, की दोन्हींतल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. फरक ठरलेला, म्हणून रंगही ठरलेला.

१९४० च्या सुमारास स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी हिशेब जुळवला. कोरोनियम वगैरे काही नव्हतंच. ते होतं आपलं साधं लोखंड, २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं! इतके इलेक्ट्रॉन निघायला दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग मात्र सुमारे साडेपाच हजार अंशांचाच. प्रभामंडल एवढं कशाने तापतं, यावर आजही संशोधन चालू आहे.

आकडा चुकीचाच राहिला असता, तर हा हिशेब जुळलाच नसता.

घरात जुनी सीडी असेल तर ती सीएफएल दिव्यासमोर तिरकी धरून बघा. सलग इंद्रधनुष्याऐवजी रंगांचे सुटे पट्टे दिसतील. अणूतल्या पायऱ्यांचीच ही खूण.