गाईच्या पापणीचा कर्करोग : वेळीच ओळखा

गाईच्या डोळ्यातून पाणी गळू लागले की धूळ गेली असेल, असे समजून तिकडे दुर्लक्ष होते. पुष्कळदा कारण तेवढेच असते. परंतु पापणीच्या कडेवर गाठ किंवा न भरणारी जखम असेल, तर कर्करोगाची शंका घेतली पाहिजे. आरंभी हा रोग लहानशा शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो; उशीर झाल्यास डोळा जातो आणि पुढे जनावरही दगावते.

कोणत्या जनावरांस धोका अधिक?

मूळची इंग्लंडमधील हेरफर्ड गुरे अंगाने तांबडी व तोंडाने पांढरी असतात. अमेरिका व ऑस्ट्रेलियातील प्रखर उन्हात या जातीत हा रोग विशेष आढळतो. उन्हातील अतिनील किरण हे त्याचे एक प्रमुख कारण होय. कातडीतील काळे रंगद्रव्य या किरणांना अडविते. आपल्या देशी गुरांचे केस पांढरे असले, तरी खालची कातडी व पापण्यांच्या कडा बहुधा काळ्या असतात. होल्स्टीन संकरित गाईंपैकी काहींच्या पापण्या मात्र गुलाबी असतात, त्यांस जपावे. रोग बहुधा पाच वर्षांवरील जनावरांत दिसतो. तो संसर्गजन्य नाही.

लक्षणे

प्रथम पापणीच्या कडेवर, बुबुळाच्या काठाशी किंवा डोळ्याच्या आतील कोपऱ्यातील तिसऱ्या पापणीवर पांढुरका चट्टा अथवा ज्वारीच्या दाण्याएवढी चामखीळ येते. असे काही चट्टे आपोआप जिरतात. काही वाढतात, फुटतात व त्यांतून रक्त येते. घाण सुटून माशा बसतात व अळ्या पडतात. कानाखालील गाठ सुजल्यास रोग पसरल्याची शंका घ्यावी.

उपचार

गाठ लहान असता पशुवैद्यक ती भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह कापून काढतात किंवा द्रव नायट्रोजनने गोठवून नष्ट करतात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात, तोच हा द्रव. रोग वाढला असल्यास डोळा काढावा लागतो. रोग पसरलेला नसेल, तर एका डोळ्याची गाय पुढेही दूध देते. डागणे, चुना वा बिब्बा लावणे, गाठ दोऱ्याने बांधणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्यांनी डोळ्यास इजा होते व उपचाराची वेळ निघून जाते.

खबरदारी

भर दुपारी जनावरे सावलीत बांधावीत. पापण्यांचा रंग आनुवंशिक असल्याने पैदाशीसाठी कालवड निवडताना काळ्या कडांची पसंत करावी. रोग झालेल्या गाईची वासरे त्यासाठी राखू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लसीकरणाच्या वा रेतनाच्या वेळी गुलाबी पापण्यांच्या गाईंचे डोळे आवर्जून पाहावेत. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ आढळताच जनावर पशुवैद्यकीय दवाखान्यात नेण्यास पशुपालकास सांगावे. दाण्याएवढ्या गाठीकडे त्या वेळी लक्ष दिले, तर दुभती गाय व तिच्यावर चालणारा संसार दोन्ही वाचतील.