विश्वस्तांची जबाबदारी

नांदगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं चार सज्जन एकत्र येऊन वाचनालय काढतात, संस्थेची नोंदणी होते, आणि आतां कायद्याचें काम संपलें असें सर्वांस वाटतें. वस्तुतः तें तेथूनच सुरू होतें. १८६० च्या कायद्याखालीं नोंदलेली धर्मादाय संस्था महाराष्ट्रांत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्याही कक्षेंत येते. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावें लागतें. हिशेब दरवर्षीं तपासून घ्यावे लागतात. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवांचून संस्थेची जागा विकतां येत नाहीं. ‘आम्ही विनावेतन सेवा करतों’ ही सबब येथें चालत नाहीं.

दप्तर चोख असलें, तरी जुनें छप्पर कोसळून एखादा वाचक जायबंदी झाला तर? निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास भरपाई द्यावी लागेल, आणि ग्रंथांसाठीं जमविलेली वर्गणी तींत खर्ची पडेल. सार्वजनिक दायित्व विमा असल्यास ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती भरपाई विमा कंपनी देते. मात्र विमा म्हणजे अभय नव्हे. जाणूनबुजून केलेल्या अपहाराचा भार अपहार करणाऱ्यानेंच वाहावयाचा असतो. म्हणून छप्पर वेळेवर दुरुस्त करणें, हिशेब वेळेवर लिहिणें आणि विम्याचा हप्ता वेळेवर भरणें, हीं तिन्ही कामें विश्वस्तांनीं सारख्याच निष्ठेनें करावीं. संस्थेचा पैसा ही लोकांची ठेव आहे.