जुनें ट्रंपेट घेण्यापूर्वीं

आमच्या बदलापूरच्या घरांत पेटी आहे, तबला आहे, आणि माळ्यावर तारा तुटलेली एक सतारही आहे. त्यामुळें धाकट्या पुतण्यानें वाद्य शिकण्याचा हट्ट धरला तेव्हां कोणासच आश्चर्य वाटलें नाहीं, परंतु त्यास ट्रंपेट हवें आहे हें कळतांच, "वरातीचें वाद्य घरांत कशाला?" म्हणून आजींनीं हरकत घेतली. पुतण्यानें वाद घातला नाहीं. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या बोलपटांतील गाणीं त्यानें आजींस ऐकविलीं, आणि रामचंद्रांचे साहाय्यक असलेले गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकोलेट यांची माहिती सांगितली. आजींच्या लहानपणचीं तीं गाणीं! हरकत मावळली, इतकेंच नव्हे, तर वाद्याचे पैसे आपल्या ठेवींतून देण्याचें त्यांनीं कबूल केलें. तेथपासून माझी जबाबदारी वाढली.

उल्हासनगरांतील एका दुकानीं एक जुनें ट्रंपेट आढळलें. त्याच्या पसरट तोंडावर, ज्यास बँडवाले 'बेल' म्हणतात, लंडनच्या एका पेढीचें नांव व बाणाची खूण होती. "काका, कल्याण कँपांतलें लष्करी वाद्य आहे. असलें दुसरें मिळायचें नाहीं," असें सांगून दुकानदारानें चाळीस हजार रुपये मागितले. गोष्ट अगदींच अशक्य नव्हती. दुसऱ्या महायुद्धांत येथें लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर सिंधी निर्वासित तेथें आले, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. ब्रिटिश लष्करी मालावर बाणाची खूण असे, हेंही खरें. पण 'यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद ज्या गांवाविषयीं सर्वतोमुखी आहे, तेथें कोरलेल्या अक्षरांवर भिस्त ठेवणें शहाणपणाचें नव्हे. शिवाय गोष्टीला सूर नसतो; तो वाद्याला लागतो.

म्हणून अंबरनाथच्या आयुधनिर्माणींत उभा जन्म घालविलेल्या एका स्नेह्यांस मीं बरोबर नेलें. त्यांस संगीताचा गंध नाहीं, पितळेचा मात्र आहे. त्यांनीं आधीं अक्षरांवरून नख फिरविलें. मूळच्या कोरीव कामाच्या कडा तीक्ष्ण लागतात. वाद्य घासून नव्यानें चकचकीत केलें असेल तर त्या बोथटतात. मग क्रमांक पाहिला. तो बहुधा मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर असतो, आणि अनेक पेढ्यांच्या क्रमांकांच्या छापील याद्यांवरून वाद्याचें साल अजमावतां येतें. नांव मोठें म्हणून वाद्य मोठें असेंही नाहीं. १९३० सालीं दोन पेढ्या एक होऊन झालेली बूसी अँड हॉक्स ही नामांकित खरी, परंतु तिचें 'रीजंट' हें विद्यार्थ्यांसाठीं काढलेलें स्वस्त वाद्य होतें.

खरी परीक्षा फुंकनळीची. माउथपीसपासून निघणाऱ्या या नळींत वादकाची लाळ सांचते, पितळेंतील जस्त झिजतें आणि मागें सच्छिद्र तांबें उरतें. बाहेरून गुलाबी ठिपके दिसूं लागले कीं आंतून नळी गेली असें समजावें. याशिवाय आमच्या स्नेह्यांनीं भिंग लावून केसासारख्या चिरा शोधल्या. ब्रिटिश अमदानींत हिंदी फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत घोड्यांच्या पागांत ठेविलीं असतां आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतांतून निघणारा अमोनिया आणि ठोकून घडविलेल्या धातूंतील ताण यांचा तो संयुक्त परिणाम, हें १९२१ सालीं इंग्रज संशोधकांनीं दाखवून दिलें. ट्रंपेटची बेलही ठोकूनच घडते. आमच्या बाजूला आणखी एक भय उल्हास नदीचें. २००५ व २०१९ च्या जुलैंत तिनें जीं घरें बुडविलीं, त्यांतील सामानही केव्हांतरी बाजारांत येणारच. म्हणून पिस्टनखालच्या स्प्रिंगांवरील गंज आणि नळीच्या वळणांतील वाळका गाळ पाहून घ्यावा.

पिस्टन तीन. मधला सूर अर्ध्या स्वरानें उतरवितो, पहिला एका स्वरानें, तिसरा दीड स्वरानें. पिस्टन न दाबतां त्याची स्लाइड हळूच बाहेर ओढावी, क्षणभर थांबावें, मग पिस्टन दाबावा. 'पट्' असा आवाज झाला तर हवा कोंडलेली आहे. न झाला तर पिस्टन झिजला आहे, आणि ती दुरुस्ती गल्लींतल्या कारागिराचें काम नव्हे.

आमचें वाद्य या साऱ्यांतून सुखरूप उतरलें. नांव खरें, क्रमांक खरा, पितळ निरोगी. पुतण्याचा चेहरा फुलला. मग त्याच्या शिक्षकांनीं तें ओठांस लावलें, आणि मोबाइलवरील सूरमापक पाहून त्यांच्या कपाळास आंठी पडली. पिस्टन न दाबतां काळी पांचचा सूर यावयाचा, तो वर चढत होता. ब्रिटिश लष्करी बँडांची पट्टी पूर्वीं उंच असे. ज्या 'अ' स्वरास आज सेकंदास ४४० कंपनें धरतात, त्यास तेथें सुमारें ४५२ धरीत. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लष्करानें ती पट्टी सोडली. हा फरक जवळजवळ पाव स्वराचा. मुख्य स्लाइड बाहेर ओढून सूर उतरवावा, तर पिस्टनांच्या नळ्या त्या मानानें आंखूड पडतात आणि दाबून काढलेले स्वर बिघडतात. म्हणजे वाद्य अस्सल होतें, दुर्मिळही होतें, आणि आमच्या पेटीबरोबर तें जन्मांत वाजलें नसतें!

संग्राहकास त्याचें मोल निराळें वाटेल, आणि तें वाजवीही असेल. आम्हांस मात्र वाजविणाऱ्याचा हिशेब करावयाचा होता. दुकानदार काय मागतो यावर तो बसवूं नये. तसेंच वाद्य प्रत्यक्षांत कितीला विकलें गेलें हें पाहावें, त्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करावा, आणि नव्या देशी वाद्याची किंमत शेजारीं मांडावी. मीरतच्या जली कोठींत बँडचीं वाद्यें आजही घडतात. तेथील नादिर अली यांची पेढी १८८५ सालची. दुकानदार पंचवीस हजारांपर्यंत उतरला, आणि माझा हात खिशाकडे वळलाही होता. पुतण्याच म्हणाला, "काका, नको. आजीच्या पेटीशीं जुळलें पाहिजे."

पुढें दोन महिन्यांनीं अंबरनाथलाच एका निवृत्त बँडवादकाकडून साधें, ठिकठिकाणीं पोचे पडलेलें, पण योग्य पट्टीचें ट्रंपेट नऊ हजारांत मिळालें. पोच्यांबद्दल आजींनीं विचारलें नाहीं. त्यांची अट एकच आहे: दिवेलागणीपूर्वीं सराव आटोपावा.