टपालाने पाठवावयाच्या द्रव व चूर्णरूप मालाचे वेष्टन

मध, तूप, काकवी, कोकमाचे आगळ, हळदपूड असा माल शेतकऱ्याच्या घरी तयार होतो. परंतु त्याचे गिऱ्हाईक पुष्कळदा दूरच्या शहरी असते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे 2022 साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. अशा गावांतील थोडाथोडा माल घरोघरी पोहोचविण्यास टपाल हे सोयीचे साधन आहे. मात्र वाटेत पार्सल उलटेसुलटे होते, आपटते व इतर ओझ्याखाली दबते. एक बाटली फुटली तर पाठविणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटते. शिवाय त्याच थैलीतील दुसऱ्या कोणाची पुस्तके, औषधे व महत्त्वाचे कागद खराब होतात. म्हणून एक आवरण निकामी झाले तरी माल पार्सलाबाहेर येऊ नये, हे वेष्टनाचे मुख्य तत्त्व होय.

द्रव पदार्थ

द्रव पदार्थासाठी तीन आवरणे असावीत. पहिले आवरण म्हणजे घट्ट झाकणाची बाटली. ती काठोकाठ भरू नये. उष्णतेने द्रव फुगतो, म्हणून सुमारे दहावा भाग रिकामा ठेवावा. झाकण लावल्यावर त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी व बाटली रात्रभर कागदावर उलटी ठेवावी. सकाळी कागदावर डाग दिसल्यास ती बाटली पाठवू नये. आगळ खारट व आंबट असल्याने धातूचा डबा खाते. त्यासाठी काचेची किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची बाटली घ्यावी. पातळ काकवी आंबून तिच्यात वायू धरतो व झाकण उडते. ती पुरेशी आटवून व पूर्ण निववूनच भरावी.

दुसरे आवरण म्हणजे जाड प्लास्टिकची पिशवी. तिचे तोंड पिळून घट्ट बांधावे. तिसरे आवरण म्हणजे मजबूत खोके. बाटलीच्या सर्व बाजूंनी, तळाशी व माथ्यावरही लाकडाचा कोरडा भुसा किंवा कापूस दाबून भरावा. बाटली फुटल्यास सर्व द्रव शोषला जाईल इतके हे भरण असावे. ते पुरेसे आहे की नाही हे घरीच पाहता येते : बाटलीत मावेल तितके पाणी तेवढ्याच भुशावर ओतावे. पाणी खाली गळल्यास भुसा वाढवावा. दोन बाटल्या एकमेकींस टेकू देऊ नयेत.

थिजणारे पदार्थ

तूप व खोबरेल तेल थंडीत थिजते, म्हणून ते साध्या डब्यात पाठविण्याचा मोह होतो. परंतु खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सियसलाच वितळू लागते. थंड गावाहून निघालेला डबा उष्ण शहरी पोहोचेपर्यंत आतील माल पातळ झालेला असतो. असे पदार्थ बाराही महिने द्रव समजूनच बांधावेत.

चूर्ण

पूड टाचणीएवढ्या छिद्रातूनही गळते. हळदीचा रंग तर कागदावरून व कापडावरून सहजी जात नाही. दळल्यावर पूड पूर्ण निवू द्यावी. गरम पूड बंद केल्यास पिशवीस घाम सुटून गुठळ्या होतात. पूड जाड पिशवीत भरून आतील हवा दाबून काढावी, कारण फुगलेली पिशवी ओझ्याखाली फुटते. तोंड उष्णतेने चिकटवावे. तारेच्या टाचण्या मारू नयेत. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत व नंतर घट्ट डब्यात किंवा खोक्यात घालावी. पिठासारख्या रंगहीन पुडीसही ही पद्धत उपयोगी पडते.

काय पाठवू नये

रॉकेल, स्पिरिट यांसारखे ज्वालाग्राही पदार्थ, तसेच विषारी कीटकनाशके व तणनाशके टपालाने पाठवू नयेत. शेजाऱ्यास थोडेसे औषध हवे असले तरी ते खाद्यपदार्थाच्या बाटलीत भरून पार्सलात घालणे जिवावर बेतू शकते.

शेवटची तपासणी

बांधलेले खोके हलवून पाहावे. आत काही हलल्यास भरण वाढवावे. पत्ता सहा आकडी पिन क्रमांकासह पुसला न जाणाऱ्या शाईने लिहावा. दोन्ही पत्त्यांची एक चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आतही ठेवावी. पार्सल देताना आतील पदार्थ टपाल कर्मचाऱ्यास स्पष्ट सांगावा. भुशाचा व पिशवीचा खर्च थोडा असतो. सांडलेल्या मालाबरोबर गेलेला विश्वास मात्र सहजी परत येत नाही.