बीपी सुधारलं, पण लघवी किती झाली?

सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या रुग्णाला सलाइन चढवलं, रक्तदाब वाढवणारं औषध सुरू केलं आणि मॉनिटरवरचा बीपीचा आकडा सुधारला, की नातेवाइकांना हायसं वाटतं. आयसीयूतले डॉक्टर मात्र सिस्टरना विचारतात, "लघवी किती झाली?"

मॉनिटर मोठ्या धमन्यांमधला दाब सांगतो. पेशींना प्राणवायू मिळतो तो केशवाहिन्यांतून, आणि त्या इतक्या अरुंद असतात की लाल पेशी जेमतेम एकेक करून पुढे सरकतात. सेप्सिसमध्ये त्यांचं अस्तर बिघडतं, कुठे सूक्ष्म गुठळ्या होतात. एकीतून रक्त सुसाट जातं, शेजारच्या केशवाहिनीत ते थबकलेलं असतं. मुख्य जलवाहिनीत दाब भरपूर, पण गल्लीतले नळ कोरडे, अशी ही अवस्था.

याची झळ मूत्रपिंडांना लवकर लागते. शरीराच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, पण हृदयातून निघणारं २० ते २५ टक्के रक्त त्यांच्याकडे जातं. तरीही त्यांच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच बेताचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगात तर सेप्सिसमध्ये मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त वाढलेलं आढळलं, आणि गाळण्याचं काम मात्र घटलेलं! म्हणजे रक्त नुसतं पोहोचून भागत नाही, आत ते कसं वाटलं जातं आणि गाळणीत दाब किती राहतो, यावर सगळं ठरतं.

मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन, हे सगळं उशिरा सांगतं; इजा झाल्यावर ते चढायला एक-दोन दिवसही लागू शकतात. म्हणून दर तासाची लघवी मोजायची. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिलिटरहून कमी लघवी सलग सहा तास झाली, तर जागतिक निकषांनुसार ती मूत्रपिंडाची तीव्र इजा ठरते.

दुसरी खूण बोटावर दिसते. लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ रुग्णांवर झालेला 'अँड्रोमेडा-शॉक' अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली पद्धत अशी: तर्जनीचं टोक काचेच्या पट्टीने दहा सेकंद दाबायचं, सोडायचं आणि रंग परतायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर प्रवाह अपुरा. या खुणेवर उपचार बेतलेल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के रुग्ण दगावले. पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणाऱ्या लॅक्टेटवर उपचार बेतलेल्या गटात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात कमी पडला. तरी मला यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच: बोटाच्या गटाला सुरुवातीच्या तासांत सलाइन कमी लागलं. जादा सलाइनने शिरा तुंबतात आणि सुजलेल्या मूत्रपिंडातून रक्त बाहेर पडणं कठीण होतं. कुठे थांबायचं हे कळणं हाही उपचारच आहे.

खोली गार असेल किंवा उजेड अपुरा असेल, तर बोट फसवतं. लघवीही फसवते. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांत अनेकदा मूत्रपिंड निकामी होत असतं, पोटॅशियम घसरत असतं, तरी लघवीची पिशवी भरत राहते. तिथे पिशवी पाहून निश्चिंत होता येत नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासावंच लागतं.